कन्हानचे पाणी समुद्रापर्यंत जाते

आम्हा मौद्याच्या माणसांची ओळख कन्हानशी. समुद्र आम्ही सहलीत पाहिला. पण कन्हान कधीच मौद्याची एकटीची नव्हती. ती वैनगंगेला मिळते. वैनगंगा पुढे वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आमच्या घाटावरून वाहून गेलेल्या वस्तूची शेवटची वाट हीच.

पूर्वी घाटावरून काय वाहून जायचे? लग्नातल्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर उठायच्या. उष्ट्या पत्रावळी उकिरड्यावर पडल्या तरी गाई त्या चघळायच्या, उरलेल्यांचे खत व्हायचे. बाजाराला जायचे तर हातात कापडी थैली हवीच. किराणा रद्दीच्या पुड्यांत यायचा, मासळी पानात बांधून मिळायची, गोड तेलासाठी घरची बाटली न्यावी लागायची. उन्हाळ्यात पाणी ओसरले की ढिवर रेतीत डांगरवाड्या लावायचे. त्यांची जाळी सुताची असत. ती विरली की कुजून मातीत जात. गणपती मातीचा, तो पाण्यात शिरवला की नदीचीच माती नदीला परत जायची. आम्ही फार स्वच्छ होतो असे नाही. पण आमचा कचरा नदीला पचायचा.

आता सकाळी दूध पन्नीत येते, भाजी पन्नीत, पानटपरीवर खर्राही पन्नीतच घोटला जातो. पाण्याच्या बाटल्या, शाम्पूच्या पुड्या, नायलॉनची फाटकी जाळी, मिरचीच्या वाफ्यांवरची मल्चिंगची फिल्म, सगळे उन्हात तापते, कडक होते, तुकडे पडतात. तुकड्यांचेही तुकडे होत जातात. प्लास्टिक कुजत नाही, फक्त लहान होते. ५ मिलिमीटरपेक्षा लहान अशा कणांना मायक्रोप्लास्टिक म्हणतात. २००४ मध्ये रिचर्ड थॉम्प्सन या ब्रिटिश संशोधकाने सहकाऱ्यांसह समुद्रातल्या या कणांवर निबंध लिहिला आणि हा शब्द जगभर गेला. कृत्रिम धाग्याचे कपडे धुताना सुटणारे तंतू आणि महामार्गावर झिजणाऱ्या टायरची भुकटीही त्यातच मोडते.

मग पहिला मोठा पाऊस येतो. नाल्या भरून वाहतात आणि वर्षभराचा हा चुरा कन्हानमध्ये उतरतो. खाली कुही तालुक्यात नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी येऊन मिळते. काही कण गोसेखुर्द धरणाच्या गाळात बसतात, उरलेले पुरासोबत पुढे जातात.

गोदावरीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. खारफुटीची मुळे पाण्यातला गाळ अडवतात, त्यावर किनारा टिकतो आणि त्याच मुळांच्या आडोशाला कोळंबी-मासळीची पिल्ले वाढतात. गाळ अडवणारी ही मुळे प्लास्टिकही अडवतात. कालवे, शिंपले पाणी गाळून अन्न घेतात, खेकडे चिखलातून अन्न वेचतात. त्यांना अन्नाचा कण आणि प्लास्टिकचा कण वेगळा ओळखता येत नाही. तिथल्या कोळ्यांचे पोट याच जिवांवर चालते, जसे आमच्या ढिवरांचे कन्हानवर.

कायदे झाले आहेत. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. बाजारात पन्नी मात्र अजून मिळते.

समुद्रात गेलेला कण वेचणारा हात जगात कुठेही नाही. तोच कण मौद्यात असतो तेव्हा ती अख्खी पन्नी असते, आणि ती सहज उचलता येते. म्हणून घरोघरी विनंती आहे: बाजाराला थैली न्या, पंगतीला पळसाची पत्रावळ मागा, शेतातली जुनी फिल्म गोळा केल्याशिवाय नांगर घालू नका आणि पावसाळ्याआधी आपल्या दारची नाली पन्नीमुक्त करा. पूर आल्यावर ते काम कोणाच्याच हातात राहत नाही.