गाढेश्वरच्या पायवाटा

नवी मुंबईच्या टोकाला, पनवेलपलीकडे, माथेरानच्या डोंगराखाली गाढी नदी अडवून देहरंग धरण बांधले. गाढेश्वरचा तलाव तो हाच. गडप्रेमींची नजर इथून थेट प्रबळगड आणि कलावंतिणीच्या सुळक्याकडे जाते. मला मात्र पाण्याकाठच्या, वाड्या जोडणाऱ्या पायवाटा अधिक मोलाच्या वाटतात. त्या सहलीसाठी आखलेल्या नाहीत. ठाकूर-कातकऱ्यांच्या रोजच्या पावलांनी मळल्या, डोक्यावर मोळी घेऊन झेपेल एवढाच चढ धरत. म्हणून आजी-आजोबा, मुलेही तिथे चालू शकतात. सोपी वाट गर्दी आणते, अपघात घडवते, हा आक्षेप पोकळ नाही. पावसाळ्यात इथे पर्यटकांवर बंदी येते ती उगाच नव्हे. पण माणसे बुडतात ती पाण्यात उतरल्याने. तेवढे उतरणे रोखावे, वाट मोकळी ठेवावी. आणि पनवेलकर हेच पाणी पितात, तेव्हा काठावर बाटल्या फेकणाऱ्याला दंड हवाच.