खुर्चीत बसूनही 'विमान लागतं' तेव्हा

घाटात एसटी लागणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. पण घरच्या खुर्चीत बसून, संगणकावर विमान उडवताना मळमळायला लागलं तर? तुम्हाला किंवा तुमच्या मुलाला असा अनुभव येत असेल, तर गोळी घेण्याआधी कॉकपिटच्या कॅमेऱ्याची मांडणी तपासा. मला स्वतःला हा छंद आहे, त्यामुळे थोडं तपशिलात सांगतो.

त्रास का होतो?

आपल्या अंतर्कर्णात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्या मेंदूला कळवतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्या सरळ रेषेतला वेगबदल टिपतात. घाटात पुस्तक वाचताना कान म्हणतो 'हलतोय' आणि डोळा म्हणतो 'स्थिर आहे'. सिम्युलेटरमध्ये याच्या बरोबर उलट होतं. डोळ्यांना विमान वळताना दिसतं, पण कान शांत असतो. या विसंगतीतून मळमळ, घाम, डोकं जड होणं सुरू होतं. हे दुबळेपणाचं लक्षण नाही. 1950 च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टर सिम्युलेटरवर ही तक्रार नोंदली गेली, तेव्हा शिकाऊंपेक्षा अनुभवी प्रशिक्षकांनाच ती जास्त होती. खऱ्या उड्डाणात काय जाणवतं हे त्यांच्या मेंदूला पक्कं माहीत होतं!

कॅमेऱ्याचा कोन

पडद्याला खिडकी समजा. खिडकीतून जेवढं जग दिसायला हवं तेवढंच दिसलं, तर दृश्य खरं वाटतं. कोन त्याहून फार मोठा ठेवला तर सगळं कॉकपिट एका नजरेत मावतं, पण कडेच्या वस्तू ताणल्या जातात आणि वळताना सर्रकन सरकतात. अनेकांचं पोट इथेच ढवळतं.

खरा कोन काढणं सोपं आहे. पडद्याच्या रुंदीचा अर्धा भाग घ्या, त्याला डोळ्यापासूनच्या अंतराने भागा, कॅल्क्युलेटरवर उलट टॅन काढा आणि दुप्पट करा. 27 इंची पडदा सुमारे 60 सेंटिमीटर रुंद असतो. तो 60 सेंटिमीटरवर असेल तर कोन साधारण 53 अंश, 80 सेंटिमीटरवर असेल तर 41 अंश. एक्स-प्लेनमध्ये हा आकडा थेट अंशात भरता येतो. मायक्रोसॉफ्टच्या सिम्युलेटरमध्ये झूम कमी-जास्त करून त्याच्या जवळ जावं लागतं. इतक्या कमी कोनात खालची उपकरणं दिसत नाहीत, म्हणून दहा-पंधरा अंश वाढवायला हरकत नाही.

काही महिन्यांपूर्वी एकोणीस वर्षांचा एक मुलगा वडिलांबरोबर आला होता. त्याला वैमानिक व्हायचं होतं. वडील म्हणाले, "डॉक्टर, ह्याला लॅपटॉपवरचं विमान झेपत नाही, खरं काय उडवणार? फी भरायच्या आधी काय ते सांगा." मुलगा मान खाली घालून बसला होता. बस, झोपाळा, विमानप्रवास, कशानेच त्याला कधी त्रास झाला नव्हता. कान, तोल, डोळ्यांच्या हालचाली, सगळं व्यवस्थित होतं. मग मी कॅमेऱ्याचा कोन विचारला. 15 इंची लॅपटॉपवर त्याने 100 अंश ठेवला होता; हिशेबाने तो 35 च्या आसपास येत होता. त्याला 50 वर आणायला आणि कॅमेऱ्याची थरथर बंद करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला, आता पाऊण तास आरामात बसतो म्हणाला. वडिलांना मी एवढंच सांगितलं होतं, की वैमानिक होण्याची शारीरिक पात्रता डीजीसीएच्या वैद्यकीय तपासणीत ठरते, घरच्या पडद्यावर नाही.

डोळ्यांची उंची आणि बैठक

खरे वैमानिक आधी खुर्चीची उंची जुळवतात. एअरबसच्या कॉकपिटमध्ये समोरच्या मधल्या खांबावर लहान रंगीत गोळे असतात. एक गोळा दुसऱ्याला झाकतो तेव्हा डोळे योग्य जागी आले असं समजतात. सिम्युलेटरमध्येही कॅमेरा फार खाली ठेवला तर उतरताना विमानाचं नाक धावपट्टी झाकतं, आणि मग तुम्ही नकळत मान उंच करून बसता. खऱ्या पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली ठेवा, म्हणजे मानही दुखणार नाही.

एवढं पाळा

- सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच उडवा. मळमळ वाटताच थांबा, रेटू नका.
- खोलीत दिवा चालू ठेवा. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब पाहा आणि पापण्या मुद्दाम मिटा.
- त्रास झाला असेल तर तो पूर्ण जाईपर्यंत गाडी चालवू नका.
- उलटीच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यातल्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते.

पडदा बंद करूनही चक्कर राहत असेल, कमी ऐकू येत असेल किंवा कानात आवाज येत असेल, तर तपासून घ्या. एकाचे दोन दिसणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा हातापायातली ताकद जाणं यांपैकी काही झालं, तर तो कॅमेऱ्याचा दोष नाही. लगेच रुग्णालय गाठा.