राजांची वाट

नाताळआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार आला, की नेरूळचं आमचं रो-हाउस मला एकदम मोठं वाटू लागतं. लांबरुंद दिवाणखाना, मधून वळत जाणारा जिना, वर तीन खोल्या. एवढं घर सजवायचं म्हणजे खोकीच्या खोकी सामान आणून भिंती झाकायच्या, असं पुष्कळांना वाटतं. माझ्या वसईच्या माहेरी घर याहून मोठं होतं, आणि सजावट मात्र मोजकी: दारात बांबूच्या कामट्यांची नि पतंगी कागदाची चांदणी, ओटीच्या कोपऱ्यात पेंढ्याचा गोठा. येणाऱ्या-जाणाऱ्याची पावलं आपोआप त्या कोपऱ्याकडे वळत. घराला ऊब येते ती अशा एखाद्या जागेमुळे, हे मी तिथेच शिकले.

म्हणून इथेही आधी गोठ्याची जागा ठरते: जिन्याखाली. संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेचो गावी गोठा मांडला, तेव्हा खरा बैल, खरं गाढव आणि खरं गवत आणलं होतं. आमच्या गोठ्यातलं खरं काही असेल तर ते नाचणीचं कुरण. पसरट थाळीत माती घालायची, नाचणी दाट पेरायची, वर ओलं फडकं. कोंब फुटले की फडकं काढून थाळी उजेडात ठेवायची. पाणी किती शिंपडायचं, हे मला शेजारच्या काकूंनी शिकवलं. नवरात्रात घटाला धान्य पेरणारा हात त्यांचा. नाताळ जवळ येतो तशी पोपटी पाती दाटून येतात. तळहात फिरवला तर थंड आणि किंचित ओली लागतात.

मग उजेड. संध्याकाळी ट्यूबलाइट बंद. साडेसहा हजार केल्विनच्या आसपासचा पांढराशुभ्र प्रकाश मोठ्या खोलीला आणखी पोकळ करतो. सत्तावीसशे केल्विनचा पिवळसर दिवा, तोही बसल्यावर डोळ्यांच्या उंचीला, माणसांना जवळ आणतो. छतावर झगमगाट नको, कोपरे थोडे अंधारलेले राहू देत. त्या उजेडात गोठ्यासमोर बसून आम्ही फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’तल्या काही ओव्या वाचतो. 1616 साली छापलेलं हे मराठी काव्य मोठ्याने वाचावं असंच आहे.

कुंडीतलं आमचं झाड अरोकेरियाचं, मूळचं प्रशांत महासागरातल्या बेटांवरचं. त्याच्या फांद्या मऊ. जड गोळे टांगले की वाकतात. म्हणून कागदी चांदण्या, सुकवलेल्या संत्र्याच्या चकत्या, एवढंच. दारातल्या पॉइनसेटियाला मात्र अंधार लागतो. कित्येक आठवडे रोज सुमारे चौदा तासांची सलग रात्र मिळाली, तरच त्याची वरची पानं लाल होतात. रस्त्यावरच्या दिव्याचा उजेडही त्याला खुपतो, म्हणून दिवस मावळला की कुंडी मागच्या अंधाऱ्या पडवीत सरकवते.

आणि आता मोठ्या घराचं खरं सुख. चोवीस तारखेच्या मध्यरात्रीच्या मिस्सावरून परतल्यावर बाळ येशू गव्हाणीत येतो, पण तीन राजे तेव्हा गोठ्यात नसतात. ते वरच्या मजल्यावर, गच्चीच्या दारापाशी उभे असतात. तिथून रोज थोडे पुढे सरकतात: पुस्तकांचं कपाट, खिडकीची कड, मग जिन्याची एकेक पायरी. आज राजे कुठवर आले, हे पाहायला कॉलनीतली मुलं धावत येतात, आणि त्यांच्या मागोमाग त्यांच्या आया. कलकल, करंज्या, सुकेळी यांचं ताट फिरतं, जिन्यावर पाय ठेवायला जागा उरत नाही. लहान घरात हा प्रवास दोन दिवसांत उरकला असता. आमच्याकडे त्याला सहा जानेवारी, राजांचा सण, उजाडावा लागतो.

मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेले हे ज्ञानी लोक, म्हणजेच आपले राजे, बाळाला भेटतात ते एका घरात. गोठ्याचा उल्लेख तिथे नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. लांबून आलेली अनोळखी माणसं एका घराच्या दारात उभी राहिली आणि त्यांना आत घेतलं गेलं. नाताळची सजावट करायची ती याचसाठी, आणि घर मोठं असेल तर आत घ्यायची माणसंही जास्त असायला हवीत.