पालकांनी येऊन भेटावे

आमच्या लहानपणी नाशिकरोडची निम्मी वस्ती प्रेसची. बाकावर शेजारी बसणाऱ्या कुणालाही विचारा, बाप प्रेसमध्येच. माझे वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. 1928 सालचा हा कारखाना. पाळी संपली की झडती दिल्याशिवाय कुणी फाटकाबाहेर पडत नसे. रोज झडती देऊन घरी येणारा हा माणूस तसा कुणापुढे वाकणारा नव्हता. युनियनच्या सभेत साहेबाला तोंडावर सुनवायचा. पण शाळेतून चिठ्ठी आली की इस्त्रीचा शर्ट निघायचा आणि आवाज खाली यायचा.

चिठ्ठी म्हणजे वहीतून फाडलेला चतकोर कागद. त्यावर एवढंच, ‘पालकांनी येऊन भेटावे’. कारण लिहायची पद्धत नव्हती, ते घरी आमच्याकडूनच वदवून घेतलं जाई. दुसऱ्या दिवशी वडील सरांसमोर हात जोडून उभे. सर बोलणार, वडील ऐकणार आणि बाहेर आल्यावर पहिला धपाटा मला. सरांचंही काही चुकलं असेल, ही शक्यता आमच्या घरात कुणाच्या मनात डोकावली नाही. पगार बघायला गेलं तर वडिलांचाच जास्त असावा. म्हणजे हा मान पैशाला नव्हता. आणि, मला आता वाटतं, छडीलाही नव्हता. मी घरी कितीही कांगावा केला तरी वडील आणि सर एकाच बाजूला उभे असायचे. सरांचा दरारा होता तो त्यामुळे.

छडीवर मात्र आमच्या पिढीचा भलताच जीव. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर 5 सप्टेंबर उजाडला की सुरू, ‘सरांनी मारलं म्हणून घडलो’. मार खाऊन जे घडले नाहीत ते ग्रुपवर नसतात, हे कुणी लक्षात घेत नाही. आमच्या वर्गात वीटभट्टीवरच्या कुटुंबातला एक मुलगा होता. पाढे चुकले की पट्टीच्या कडेने त्याची बोटं सुजेपर्यंत मार. चिठ्ठी त्याच्याही घरी जायची, पण ती वाचणारं घरी कुणी नव्हतं आणि शाळेत यायचं तर आईची दिवसाची मजुरी बुडायची. सातवीनंतर तो दिसला नाही. त्याला आज कुणी विचारलं तर तो गुरूबद्दल काय सांगेल, कोण जाणे.

म्हणून शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने 1 एप्रिल 2010 पासून शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, याचं मला दुःख नाही. ‘दोन फटक्यांनी कुणी मरत नाही’ म्हणणाऱ्यांना नोव्हेंबर 2025 मधल्या वसईची आठवण करून द्यावी लागते. शाळेत उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला दप्तर पाठीवर ठेवून उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांत ती गेली.

माझ्या मुलाच्या वेळी चिठ्ठीची छापील डायरी झाली होती. खाली पालकांची सही, वर शाळेचं बोधवाक्य. मग एसएमएस आला. आता भाचीच्या मुलीच्या शाळेचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे आणि चिठ्ठी उलट दिशेने जाते. रात्री दहाला गंगापूर रोडवरच्या कुठल्या तरी फ्लॅटमधून बाईंना विचारणा होते, ‘माझ्या मुलीला मागच्या बाकावर का बसवलं?’ खाली अकरा अंगठे. कुणी फीचा आकडा टाकतो. बाईंचं उत्तर ‘नोटेड’. पालकांनाच सगळा दोष देणंही बरोबर नाही. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला, तो वाचलेल्या आईला शाळेच्या फाटकातून मागे फिरताना धाकधूक वाटली तर तिला काय बोलायचं? पण ती धाकधूक आणि मागच्या बाकाची तक्रार एकाच सुरात यायला लागली की बाई दोन्हींना सारख्याच घाबरतात. घाबरलेल्या बाई मुलांना रागवत नाहीत आणि समजावतही नाहीत. धडा संपवतात.

माझी वहिनी सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. 2001 मध्ये ती शिक्षणसेवक म्हणून लागली, महिना तीन हजारांवर. गावात तिला ‘मॅडम’ म्हणत, पण किराण्याच्या दुकानात उधारी होती. मतदारयाद्या, खिचडीचा हिशोब, ऑनलाइन माहिती हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात शिकवायचं. सरकारला मात्र मधूनमधून शिक्षकाच्या मानाची आठवण येते. 2022 मध्ये वर्गात शिक्षकांचे फोटो लावायचा आदेश आला, ‘आपले गुरुजी’ म्हणून. ‘मी रोज समोर उभी असते, वर भिंतीवर कशाला?’ वहिनी म्हणाली. खरं तर गुरुजी शाळेच्या गावी राहत नाहीत, या तक्रारीचा धुरळा तेव्हा उडालेला होता. फोटो मानासाठी होता की ओळख परेडसाठी, हे फोटोतल्यांना बरोबर कळलं होतं. मार्च 2024 मध्ये जीन्स-टीशर्ट बंद झाले आणि नावाआधी टीचरचा ‘टि’ लावायची मुभा मिळाली. आदेशाने गणवेश देता येतो, हे मान्य.

नाशिकमध्ये या विषयावर बोलायचं तर कुसुमाग्रजांच्या ‘कणा’ कवितेपाशी यावंच लागतं. शिक्षक दिनाला ती प्रत्येक शाळेत म्हटली जाते. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो आणि पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या अंगावर मोजतो. त्यामुळे पुरात घर गेलेला कवितेतला विद्यार्थी आम्हाला आपल्याच गल्लीतला वाटतो. भाषणं करणाऱ्यांना त्या कवितेत शिष्याचा आदर दिसतो. मला तिच्यात सरांचं दार दिसतं. पावसात भिजलेला मुलगा नि:शंक जाऊ शकेल असं दार, आणि खिशाकडे हात नेणारे सर. त्या सरांनी वर्गात छडी वापरली होती का, कवीला सांगावंसंच वाटलेलं नाही.

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हायचं. वहिनी तेव्हा एकावन्न वर्षांची. पात्रता तपासू नये असं मी म्हणणार नाही, पण चोवीस वर्षं शिकवून झाल्यावर तपासायची हा क्रम अजब आहे. तिने गाइड आणलं, चष्म्याचा नंबर वाढवून घेतला आणि दिवाळीच्या सुटीत आमच्याकडे बसून बालमानसशास्त्राचे सराव प्रश्न सोडवले. एका प्रश्नावर ती अडली. विद्यार्थी सतत गैरहजर राहतो, शिक्षक म्हणून तुम्ही काय कराल? चार पर्याय होते. समुपदेशकाकडे पाठवणे, नोंद ठेवणे, मुख्याध्यापकांना कळवणे, पालकांना संदेश पाठवणे.

‘मी त्याच्या पाड्यावर जाते,’ ती म्हणाली, ‘भात कापणीच्या दिवसांत तो कुठे असतो मला माहीत आहे. हे कशात बसवू?’

मी सांगितलं, चौथ्यावर खूण कर, मार्क मिळतील. तिने केली, पण पेन्सिलने.