इमारत उघडी, सेवा बंद

आमच्या भागात रुग्णालयाला टाळे लागल्याचे सहसा दिसत नाही. फाटक उघडे असते, केसपेपरच्या खिडकीपुढे रांग असते, ओपीडी चाललेली असते. बंद पडते ती आतली एखादी सेवा. भूलतज्ज्ञाची बदली होते, त्या जागी दुसरा माणूस येत नाही आणि सिझेरियन थांबते. सोनोग्राफीचे यंत्र कापडाखाली झाकलेले असते, पण ते वापरण्याची परवानगी असलेला डॉक्टर नसतो. बाहेरच्या फलकावर मात्र सगळ्या सेवा पूर्वीसारख्याच रंगवलेल्या राहतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या भातसानगरात राहून मी हे वर्षानुवर्षे पाहत आले आहे आणि माझे म्हणणे त्यातूनच पक्के झाले आहे. अत्यावश्यक आरोग्यसेवा बंद करण्यावर कायद्याचे बंधन हवे, आणि ते एकेका सेवेवर हवे. इमारत चालू आहे एवढ्यावर कुणाची सुटका होता कामा नये.

‘ठाण्याला रेफर केलंय’ हे वाक्य शहापूर-मुरबाडच्या घराघरांत कधी ना कधी बोलले गेले आहे. ती रेफरची चिठ्ठी हातात घेऊन नीट वाचली की आमच्या आरोग्यव्यवस्थेचे दुखणे कळते. वर नाव, वय, गाव. मग नाडी, रक्तदाब, दिलेली इंजेक्शने, सलाइन किती वाजता लावले ते. शेवटी कारणाच्या जागी घाईने लिहिलेले, तज्ज्ञ उपलब्ध नाहीत. चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचा यात दोष नसतो. हाताशी जे आहे ते करून तो रुग्णाला पुढे पाठवतो. पण प्रत्येक चिठ्ठी एका रुग्णापुरती असते. तेच कारण महिनोन्महिने लिहिले जात असेल तर ती सेवा बंद झालेली आहे, हे कुणीतरी म्हणायला हवे, तारखेनिशी नोंदवायला हवे आणि त्याचा जाब कुणाला तरी द्यावा लागला पाहिजे. सेवा सुरू होते तेव्हा शासन निर्णय निघतो, उद्घाटन होते, कोनशिला बसते. ती बंद होते तेव्हा बहुतेक वेळा कागदसुद्धा निघत नाही.

नकाशावर पाहिले तर आमचे जाळे बरे दिसते. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, खर्डी, मुरबाड आणि टोकावड्याला ग्रामीण रुग्णालये आहेत, डोळखांब, किन्हवली, शेणवे, अघई, कसारा, धसई अशा ठिकाणी प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. २०११ च्या जनगणनेत शहापूर तालुक्याची लोकसंख्या ३ लाखांच्या वर होती आणि मुरबाडची १ लाख ९० हजारांच्या आसपास. सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, तर डोंगराळ आणि आदिवासी भागात २० हजारांमागे एक, असा सरकारचाच निकष आहे. म्हणजे डोंगरातल्या माणसाला पोहोचायला वेळ लागतो, हे निकष ठरवणाऱ्यांनी मान्य केलेले आहे. मात्र हा हिशेब केंद्र उघडतानाचा. त्याच केंद्रातली वा रुग्णालयातली एखादी सेवा निघून गेली तर अंतर किती वाढले, हे कुणी मोजत नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव उपचार न मिळाल्यास दोनेक तासांत जीव घेऊ शकतो. लावणीच्या दिवसांत सर्पदंश वाढतात. प्रतिसर्पविषाची लस जवळच्या केंद्रात मिळाली तरी मण्यार किंवा नाग चावल्यावर श्वासाचे स्नायू लुळे पडू लागले, तर व्हेंटिलेटर लागतो आणि तो चालवणारा माणूसही लागतो. शहापुराहून ठाणे पन्नासेक किलोमीटर. पाड्यापासून गाडीरस्त्यापर्यंतची वाट, कधी डोलीतून केलेली, त्यात धरलेली नाही.

आमच्या जिल्ह्याने २०२३ मध्ये जे पाहिले, त्यावरून सेवा हलवण्याचे नियम का हवेत हे स्पष्ट होते. ठाण्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे सिव्हिल, ३३६ खाटांचे होते. त्या जागी ९०० खाटांचे नवे रुग्णालय उभे करायचे ठरले, म्हणून जुनी इमारत रिकामी करून सेवा मनोरुग्णालयाच्या आवारात हलवण्यात आल्या. नवे रुग्णालय हवेच होते, त्याबद्दल वाद नाही.   त्या वर्षी ऑगस्टमध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २४ तासांत १८ रुग्ण दगावले. ५०० खाटांच्या त्या रुग्णालयावर आधीच मोठा ताण होता. शासनाने चौकशी समिती नेमली. एवढ्या मृत्यूंचे खापर एका स्थलांतरावर फोडणे योग्य नाही. रुग्णांचे आजार वेगवेगळे होते, काही जण फार उशिरा पोहोचले होते. तरीही सिव्हिल हलल्यामुळे कळव्याकडचा ओघ वाढला, हे तेव्हा उघडपणे बोलले गेले. मला विचारायचे आहे ते हलवण्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. कोणता विभाग कुठे जाणार, ज्या रुग्णालयावर भार पडणार त्याला जादा डॉक्टर, परिचारिका आणि खाटा कधी मिळणार, शहापूर-मुरबाडहून येणाऱ्या गाडीने नेमके कुठे जायचे, हे सगळे जाहीर केल्याशिवाय सेवा हलवता येणार नाही, असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. तो निर्णय स्वागतार्ह होता. पण सेवाच जागेवर नसेल तर मोफत काय मिळणार?

हीच सेवा अत्यावश्यक आहे, हे सरकारला दुसऱ्या प्रसंगी चांगले ठाऊक असते. परिचारिका किंवा आरोग्य कर्मचारी संपावर गेले की मेस्माचा, म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याचा, उल्लेख लगेच होतो. मार्च २०२३ मध्ये जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप झाला, त्याच वेळी विधिमंडळाने हा कायदा नव्याने मंजूर केला. त्यामागचे तत्त्व मला पटते. रुग्णाचा जीव ज्या कामावर अवलंबून आहे ते अचानक थांबवता येऊ नये. मग ते तत्त्व नुसते पगारदारालाच का? परिचारिकेने आठवडाभर काम थांबवले तर कायदा आड येतो. प्रशासनाने पद वर्षभर रिकामे ठेवून तीच सेवा थांबवली तर कुठलेच कलम लागू होत नाही. बाळंतिणीच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. पाण्याचे उदाहरण घ्या. आमच्या तालुक्यातला भातसा हा मुंबईला पाणी देणाऱ्या सात जलाशयांतला सर्वांत मोठा. महापालिकेच्या एकूण साठ्यापैकी जवळपास निम्मे पाणी इथले. मुंबईत कपात करायची झाली तर किती टक्के, कोणत्या तारखेपासून, कोणत्या विभागांत, हे पालिका आधी जाहीर करते. ज्या तालुक्यातून ते पाणी जाते, तिथल्या माणसाला प्रसूतिगृहातली सेवा थांबणार असल्याचे आधी सांगावे, ही अपेक्षा मोठी नाही.

यावर पहिला आक्षेप खासगी रुग्णालयांच्या बाजूने येतो. तोट्यातले रुग्णालय चालवायची सक्ती कशी करणार, व्यवसायाचे स्वातंत्र्य आहे की नाही? आक्षेप वजनदार आहे आणि न्यायालयाने त्याचा विचार केलेला आहे. मोठा कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घ्यावी, अशी तरतूद १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात आली. १९७८ मध्ये एक्सेल वेअर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण परवानगी नाकारताना कारणे देण्याचे बंधन सरकारवर नव्हते आणि दाद मागायची सोयही नव्हती. मग सुनावणी, लेखी कारणे आणि मुदत घालून तरतूद सुधारण्यात आली आणि २००२ मध्ये त्याच न्यायालयाने ती वैध ठरवली. म्हणजे बंद करण्याच्या हक्कावर वाजवी अटी घालता येतात, हे देशाच्या कायद्यात ठरलेले आहे. कारखान्यासाठी जे चालते ते रुग्णालयासाठी का चालू नये? खासगी रुग्णालयांची नोंदणी महाराष्ट्रात १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याखाली होते. मनुष्यबळ, दरपत्रक, रुग्णहक्कांची सनद यांचे नियम त्याखाली आहेत. सेवा निघून गेल्यावर त्या टापूने काय करायचे, हा प्रश्न मात्र मोकळाच राहतो. छोट्या नर्सिंग होमला तोटा सोसून चालू राहा, असे मी म्हणत नाही. आगाऊ सूचना, डायलिसिससारखे उपचार चालू असलेल्या रुग्णांची पर्यायी सोय आणि कागदपत्रे हवाली करणे एवढेच त्यांच्याकडून मागावे. सार्वजनिक जमीन किंवा सवलत घेतलेल्या मोठ्या रुग्णालयांना अटी अधिक कडक हव्यात. मुंबईतल्या मरोळचे सेव्हन हिल्स रुग्णालय महापालिकेच्या जमिनीवर उभे राहिले, त्यात पालिकेच्या रुग्णांसाठी २० टक्के खाटा ठरल्या होत्या. कर्ज आणि वादांत ते २०१८ मध्ये बंद पडले आणि २०२० मध्ये कोविड आल्यावर पालिकेने तेच वापरात आणले. मधल्या काळातही आजारी माणसे होतीच.

दुसरा आक्षेप असा की डॉक्टरच यायला तयार नाहीत, कायदा करून भूलतज्ज्ञ कुठून आणणार? खरे आहे, कायद्याने डॉक्टर तयार होत नाहीत. पण पद रिकामे झाल्यावर काय करायचे, हे कायदा ठरवू शकतो. एमबीबीएस डॉक्टरांना जीवरक्षक भूल देण्याचे सरकारी प्रशिक्षण आहे. खासगी भूलतज्ज्ञाला प्रत्येक केससाठी मानधन देऊन बोलावता येते. बदली होणाऱ्याला त्याच्या जागी माणूस हजर झाल्यावरच कार्यमुक्त करता येते. हे उपाय प्रशासनाला माहीत आहेत. ते किती दिवसांत करायचेच, याची मुदत नाही. मुदत उलटली की सेवा बंद झाल्याचे अधिकृतपणे जाहीर करावे लागेल, एवढी तरतूद झाली तरी रिकाम्या पदाची फाईल हलेल.

तिसरा आक्षेप जाणकारांचा असतो. चार ठिकाणी अर्धवट सेवा ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी पूर्ण, चोवीस तास चालणारी सेवा बरी, असे ते म्हणतात. यात तथ्य आहे. रक्तसाठा नाही, नवजात बाळासाठी सोय नाही, अशा ठिकाणी सिझेरियनचा हट्ट धरणे आईच्या आणि बाळाच्या जिवाशी खेळण्यासारखे आहे. सेवा एकत्र करायला माझा विरोध नाही, पण क्रम सांभाळायला हवा. मोठे केंद्र आधी सज्ज व्हावे, त्याच्यापर्यंतची रुग्णवाहिका आधी उभी राहावी, दिवस भरत आलेल्या गरोदर बायांना आधी येऊन राहता येईल अशी जागा तिथे तयार व्हावी, आणि मग छोट्या ठिकाणची सेवा थांबावी. नवी सोय येईपर्यंतचा काळ आमच्याकडे कधी कधी वर्षांत मोजावा लागतो, आणि त्या काळातली जोखीम कुठल्याच प्रकल्प अहवालात धरलेली नसते.

नुसत्या नोटिशीचा कायदा पुरत नाही, हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने दाखवून दिले आहे. तिथे रुग्णालयाला अत्यावश्यक सेवा बंद करायची असेल तर १२० दिवस आधी आरोग्य विभागाला कळवावे लागते, जाहीर सुनावणी होते, सेवा आवश्यक ठरली तर पर्यायाचा आराखडा मागवला जातो. पण बंद करण्यास मनाई करण्याचा अधिकार विभागाला नाही. मे २०२४ मध्ये स्टुअर्ड या मोठ्या रुग्णालय कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, जुलैच्या अखेरीस तिची दोन रुग्णालये बंद होणार असल्याचे सांगितले गेले आणि ३१ ऑगस्टला ती बंद झालीही. १२० दिवसांचा नियम कागदावर राहिला. यावरून कायदा निरुपयोगी ठरत नाही. नोटीस आणि सुनावणी यांच्या जोडीला सेवा तात्पुरती चालवण्याचा अधिकार आणि त्यासाठी राखून ठेवलेला निधी हवा, हे त्यातून शिकायचे.

असा कायदा करणे महाराष्ट्राच्या हातात आहे. रुग्णालये हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे. सेवांची यादी छोटी ठेवावी: सिझेरियनसह प्रसूती, नवजात बाळांची काळजी, अपघात विभाग, सर्पदंशाचे उपचार, रक्तसाठा, डायलिसिस, रुग्णवाहिका. यातली एखादी सेवा सलग ३० दिवस मिळाली नाही तर ती बंद झाली असे धरावे. बंद करायची किंवा हलवायची असेल तर ९० दिवस आधी जाहीर नोटीस, तालुक्याच्या ठिकाणी सुनावणी, लेखी कारणांसह निर्णय, आणि पर्यायी सेवा सुरू झाल्याशिवाय बंद करायला मनाई. अचानक पद रिकामे झाले तर जिल्हा शल्यचिकित्सकांनी ठरलेल्या दिवसांत बदली व्यवस्था लावावी. सुनावणी घेण्याचा अनुभव आपल्याला आहे. २००७ पासून ठाण्यासह पाच जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, त्यातल्या जनसुनवायांत गावकऱ्यांनी अधिकाऱ्यांना समोरासमोर प्रश्न विचारले आहेत. शिवाय शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात. १९९६ च्या पेसा कायद्याने सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर नियंत्रणाचा अधिकार ग्रामसभेला आणि पंचायतीला देण्याची तरतूद केली आहे. आरोग्य केंद्र ही अशीच संस्था आहे.

कायदा व्हायला वेळ लागेल, पण पहिले पाऊल उचलायला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर चालू सेवांच्या शेजारी बंद असलेल्या सेवा, त्या कोणत्या तारखेपासून बंद आहेत आणि कधी सुरू होतील हे लिहावे. एका परिपत्रकाने हे होऊ शकते. रुग्ण कल्याण समितीने दर महिन्याला तो फलक तपासावा आणि ग्रामसभेने त्यावर ठराव करावा. आमच्या तालुक्यांतल्या ग्रामसभांनी ही मागणी येत्या सभेतच मांडावी, असे माझे सांगणे आहे. कोणती सेवा कधी थांबली हे लेखी असेल, तरच ती पुन्हा सुरू करण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकता येईल.