मौर्यांच्या ऱ्हासावरचा एक निबंध

द्वितीय वर्षाच्या एका विद्यार्थिनीचा निबंध वाचतो आहे. विषय मौर्य साम्राज्याच्या ऱ्हासाची कारणे. एकूण सात कारणे, प्रत्येकाखाली तीन-चार ओळी. अशोकाची अहिंसा, ब्राह्मणांची नाराजी, रिकामा खजिना, परकीय आक्रमण, दुबळे वारस… अक्षर सुरेख, भाषा स्वच्छ. पण कोणते कारण आधी लागू झाले, कोणत्यामुळे कोणते ओढवले, याचा पत्ता नाही. यादी पाठ करता येते, तिच्यातून काही समजत नाही.

*

तिचे वाक्य : ‘अहिंसेमुळे अशोकाने सैन्य मोडीत काढले.’ समासात लिहिले, ‘कोणत्या लेखात?’

असे एकाही लेखात नाही. तेराव्या शिलालेखात कलिंगातल्या १ लाख मृतांचा आणि हलवलेल्या दीड लाख लोकांचा पश्चात्ताप आहे. त्याच लेखात अरण्यवासींना ताकीदही आहे : राजाला दुःख झाले असले तरी शिक्षा करण्याचे बळ त्याच्यापाशी आहे. चौथ्या स्तंभलेखात देहान्ताची शिक्षा झालेल्यांना तीन दिवसांची मुदत दिलेली आहे. म्हणजे राज्याभिषेकाला २६ वर्षे झाल्यावरही ती शिक्षा चालू होती. हे दोन लेख तिने मुळातून, निदान मराठी भाषांतरातून, वाचले की पहिला परिच्छेद आपोआप बदलेल.

*

तिला कोऱ्या पानावर एक आडवी रेघ ओढायला सांगितली. एका टोकाला इ.स.पू. २३२ च्या सुमाराचा अशोकाचा मृत्यू, दुसऱ्या टोकाला इ.स.पू. १८५ च्या सुमाराचा शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याचा वध. मधे सुमारे ४७ वर्षे. अशोकाच्या धोरणाने साम्राज्य पडले असे म्हणायचे, तर ही वर्षे भरून दाखवावी लागतील.

रेघेवर इ.स.पू. २०६ मांडले. त्या वर्षी सेल्युकिड राजा तिसरा अँटायोकस हिंदुकुश ओलांडून आला आणि सोफागसेनस या भारतीय राजाशी जुनी मैत्री नवी करून हत्ती घेऊन गेला. पॉलिबिअसने हे लिहून ठेवले आहे. इतिहासकार या राजाला सुभगसेन म्हणतात. पुराणांतल्या मौर्यांच्या याद्यांत हे नाव नाही. शेवटच्या मौर्याचा वध होण्याच्या वीसेक वर्षे आधीच वायव्य सरहद्द पाटलिपुत्राच्या हातून गेली असावी, असे यावरून वाटते. मग ‘परकीय आक्रमण’ हे कारण, की आधीच झालेल्या विघटनाची खूण? तिने हा प्रश्न स्वतःहून विचारला. फार बरे वाटले.

*

१८५ हे साल तरी कुठून आले, तेही निबंधात हवे. पुराणांत मौर्यांची नावे आणि क्रम जुळत नाहीत, पण एकूण राज्यकाल १३७ वर्षे हा आकडा जुळतो. चंद्रगुप्तापासून तो मोजत आलो की इथे पोहोचतो. साल पक्के वाटते ते पाठ्यपुस्तकातल्या छपाईमुळे.

*

निबंधातला सर्वांत जिवंत परिच्छेद पुष्यमित्राचा. सैन्य दाखवण्याच्या निमित्ताने सेनापतीने राजाला मारले. प्रसंग बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’तला आहे, म्हणजे सातव्या शतकातला. घटनेनंतर सुमारे ८०० वर्षांनी लिहिलेला. तिथे हर्षाचा गजदलप्रमुख स्कंदगुप्त, बेसावध राहून जीव गमावलेल्या राजांची मालिका सांगून हर्षाला सावध करतो आहे. बृहद्रथ त्या मालिकेतला एक. हा प्रसंग काढून टाकू नये, पण कोण कुणाला का सांगतो आहे तेवढे वाचकाला कळू द्यावे.

*

‘ब्राह्मणांची प्रतिक्रिया’ हे मत हरप्रसाद शास्त्रींनी १९१० मध्ये मांडले. हेमचंद्र रायचौधुरींनी त्याचा तपशीलवार प्रतिवाद केला. तिने शास्त्रींचे मत घेतले, नाव गाळले आणि प्रतिवादही गाळला. मत कुणाचे ते लिहिले की त्याच्याशी वाद घालता येतो.

‘दिव्यावदान’ या बौद्ध ग्रंथात पुष्यमित्र भिक्षूंच्या शिरांवर दीनारांचे इनाम लावतो. दीनार हे नाणे भारतात त्याच्यानंतर कितीतरी काळाने आले. दुसरीकडे भरहूतच्या स्तूपाच्या तोरणावर ते शुंगांच्या, म्हणजे पुष्यमित्राच्याच वंशाच्या, राज्यात उभारल्याचे कोरले आहे. दोन्ही पुरावे शेजारी ठेवून तिने काय ते ठरवावे. मी ठरवून देणार नाही.

*

रिकामा खजिना : दामोदर कोसंबींनी चांदीच्या आहत (ठसे मारलेल्या) नाण्यांची वजने घेऊन, धातू तपासून हा मुद्दा पुढे नेला. उत्तरकालीन नाण्यांत तांबे वाढलेले दिसते. रोमिला थापर विचारतात, व्यापार वाढून चांदी अपुरी पडली असेल तर? एक पुरावा, दोन वाचने. इथे तिने तीन ओळींऐवजी पानभर लिहावे.

*

सोपाऱ्याला १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींना आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे, जाऊन पाहा म्हणालो. त्या लेखाचा विषय राजाच्या धर्मयात्रा. शिकारीच्या सहली सोडून राजा स्वतः जनपदातल्या लोकांना भेटतो. थापर यांचा मुख्य मुद्दा असा, की सारा कारभार राजाच्या व्यक्तीभोवती गुंफलेला होता. राजा बदलला की अधिकाऱ्यांची निष्ठाही नव्याने जोडावी लागे. तिच्या सातही कारणांना बांधणारा दोरा इथे मिळू शकतो.

*

दुसरा खर्डा आला. सातांची तीन कारणे झाली आहेत आणि ती काळाच्या क्रमाने येतात. ‘दुबळे वारस’ खोडून तिथे अशोकाचा नातू दशरथ आला आहे : नागार्जुनी टेकडीतल्या लेण्या आजीविक पंथीयांना देणारा, लेखांत ‘देवानांपिय’ म्हणवणारा. त्याच्यानंतरच्या मौर्यांचा कोरीव लेख मिळत नाही, एवढेच तिने लिहिले आहे; त्यांना दुबळे म्हटलेले नाही. पॉलिबिअस मात्र अजून शेवटच्या पानावर आहे. त्याला दुसऱ्या परिच्छेदात आणायला सांगितले.