उन्हाशी पैज

तुमच्यापैकी जे अकोल्याचे असतील त्यांना ऊन म्हणजे काय हे सांगायला नको. एप्रिलच्या मध्यापासून दुपारी बारानंतर आमचे रस्ते ओस पडतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढतो. दुकानदार अर्धे शटर खाली ओढून आत आडवे होतात आणि घराघरांतून कूलरची घरघर ऐकू येते. अशा गावात धावायला जाणारा माणूस शहाणा की वेडा, असे तुम्ही विचाराल. मी स्वतः रोज धावतो, तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी न दिलेलेच बरे. पण उन्हात धावण्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूक झाली, ती मात्र तुम्हांला सांगतो.

ही गोष्ट २०२४ सालची. माझा धाकटा भाऊ पोलीस भरतीची तयारी करत होता. मुलांना मैदानी चाचणीत १६०० मीटर धावावे लागते. म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. मी शाळेत मराठी शिकवतो, खेळाचा शिक्षक नाही. पण बी.एड. करत असताना कॉलेजातली एक शर्यत मी जिंकली होती. तेवढ्या भांडवलावर मी भावाचा उस्ताद झालो. हातात घड्याळ, गळ्यात शिट्टी, असा माझा थाट असे.

त्या वर्षी रमजान मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू झाला. महिनाभर आम्ही तरावीहची नमाज झाल्यावर रात्री धावत होतो. रात्री वारा सुटे, पाणीही पिता येई आणि भावाची वेळ हळूहळू सुधारत होती. ११ एप्रिलला ईद झाली. त्यानंतर चारच दिवसांनी मी फर्मान काढले, "उद्यापासून संध्याकाळी पाच वाजता धावायचे. चाचणीच्या दिवशी ऊन असले तर? आतापासून सवय हवी."

"भाईजान, पाच वाजता तर जमीन तापलेली असते," तो म्हणाला.

"मग? पोलिसांचा बंदोबस्त काय सावलीत असतो?"

ऐकायला वाक्य किती छान आहे! अशी वाक्ये बोलताना आम्हां शिक्षकांना फार समाधान वाटते. भाऊ गप्प बसला. दुसऱ्या दिवशी निघताना अम्मीने त्याच्या खिशात एक कांदा कोंबला. खिशात कांदा असला की ऊन लागत नाही, असे आमच्याकडे जुनी माणसे म्हणतात. मी अम्मीला हसलो. मैदानावर गेल्यावर मी भावाला आणखी एक सल्ला दिला, "मध्ये पाणी पिऊ नकोस, पोटात दुखते. बारा फेऱ्या झाल्या की पी."

आठ फेऱ्या तो बरा धावला. नवव्या फेरीत त्याचा वेग पडला, तेव्हा मी शिट्टी वाजवून ओरडलो. दहाव्या फेरीत तो वळणावर वळलाच नाही. सरळ भिंतीकडे चालत गेला आणि तिथे उभा राहिला. मी धावत गेलो. त्याचा चेहरा लाल झाला होता, अंगाला हात लावला तर चटका बसला. मी म्हणालो, "अरे, काय झाले?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "अब्बा, मी येतोच." आमच्या अब्बांना जाऊन तेव्हा सहा वर्षे झाली होती. मग तो खाली बसला तो बसलाच.

मला एकच सुचले. त्याला मोटारसायकलवर घालायचे आणि दवाखाना गाठायचा. पण मैदानावरच्या झाडांना पाणी घालणारे एक म्हातारे काका पाइप टाकून धावत आले. त्यांनी मला अडवले. "मास्तर, आधी पाणी मारा, मंग न्या." त्यांनी भावाला कडुनिंबाच्या सावलीत ओढले, बूट आणि शर्ट काढला. पाइपातले पाणी उन्हाने तापलेले होते. ते त्यांनी आधी जमिनीवर वाहू दिले आणि गार पाणी येऊ लागल्यावर त्याच्या डोक्यावर, मानेवर, काखेत, सगळ्या अंगावर धरले. मला म्हणाले, "वारा घाला." मी गळ्यातला दुपट्टा काढून जिवाच्या आकांताने वारा घालत राहिलो. किती वेळ गेला कोण जाणे. हातात घड्याळ होते, पण मी पाहिले नाही. शेवटी भावाने डोळे नीट उघडले आणि विचारले, "भाईजान, टाइम किती आला?"

मग रिक्षा, दवाखाना, सलाईनच्या बाटल्या. रात्रभर त्याला तिथेच ठेवले. डॉक्टरांनी मला दोन प्रश्न विचारले. पहिला, "इथे आणण्याआधी अंगावर पाणी कोणी ओतले?" मी काकांचे सांगितले. ते म्हणाले, "त्यांनी तुमच्या भावाचा मेंदू वाचवला." दुसरा प्रश्न, "उन्हात धावायला लागून किती दिवस झाले होते?" मी म्हणालो, "आजचा पहिलाच दिवस." यावर ते काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरे वाटले असते.

घरी आपण ज्याला 'लू लगना' म्हणतो, त्याला मराठीत 'ऊन लागणे' म्हणतात. त्याचा पुस्तकी शब्द 'उष्माघात'. आपल्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा बराच मोठा भाग उष्णता होऊन अंगातच साठू लागतो. ती बाहेर टाकायला आपल्याकडे मुख्य साधन एकच, ते म्हणजे घाम. पण नुसता घाम येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. पाणी वाळताना आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. घरातला कूलर पाहा. ओल्या ताट्यांमधून वारा आत येतो तेव्हा पाणी वाळते आणि हवा गार होते. मे महिन्यात कूलर किती छान चालतो! आणि जुलैत पाऊस लागला की तोच कूलर नुसती चिकचिक करतो, कारण हवा आधीच ओली असते. तसेच घामाचे. भिवंडीच्या किंवा मुंबईच्या मुलाचा घाम टपटप गळतो, पण वाळत नाही. त्यामुळे तिकडे पारा ३४ अंशांवर असला तरी धावणाऱ्याने सावध राहावे. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर धावताना काही तरुण उमेदवार कोसळले आणि दगावले. त्यानंतर चाचणीतले ते अंतर कमी करण्यात आले. आमच्याकडे उलटा धोका. घाम येताक्षणी वाळतो, अंग कोरडे दिसते आणि किती पाणी गेले हे आपल्याला कळतही नाही.

घाम अडवला तर काय होते, याची एक जुनी हकिगत आहे. १९१२ साली स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात ऑलिंपिक सामने झाले. मॅरेथॉनच्या दिवशी तिथे कडक ऊन होते. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो नावाचा धावपटू त्या शर्यतीत होता. तो सुतारकाम करणारा गरीब तरुण. उन्हाने कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा चिकट लेप फासला होता, असे सांगतात. सुमारे ३० किलोमीटर अंतरावर तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी मरण पावला. माठाला बाहेरून तेलरंग दिला तर आतले पाणी गार होईल का?

मग उन्हात धावूच नये का? तसेही नाही. शरीर शिकते, पण त्याला दहा ते चौदा दिवस लागतात. या काळात घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातून मीठ कमी जाते. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, मग पंधरा, असे हळूहळू वाढवावे लागते. मी मात्र भावाला महिनाभर रात्रीच्या गारव्यात धाववले आणि एका दिवसात भट्टीत ढकलले. शिवाय तो महिनाभर रोजे केलेला मुलगा. एवढी साधी गोष्ट शिकल्या-सवरल्या माणसाच्या लक्षात येऊ नये, याची मला आजही लाज वाटते.

आता आम्ही पहाटे साडेपाचला मैदानावर असतो, कारण दिवसातली सर्वांत थंड वेळ तीच. संध्याकाळी पाच वाजता ऊन उतरलेले दिसते, पण जमीन आणि भिंती दिवसभराची आग ओकत असतात. कपडे सैल, सुती, फिक्या रंगाचे. शर्यतीच्या मुली मला विचारतात, "सर, डोक्यावर ओढणी असली तर चालेल का?" चालेल, पातळ आणि फिकी असली म्हणजे झाले. विदर्भातला शेतकरी भर उन्हात डोक्याला कापड गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. पाणी धावण्याआधी प्यायचे, मध्येही थोडे प्यायचे, पण पैज लावल्यासारखे घटाघट नाही. नुसते साधे पाणी खूप प्यायले तर रक्तातले मीठ पातळ होते, आणि तेही जिवावर बेतू शकते. दमून घरी आल्यावर ताक प्या, कैरीचे पन्हे प्या. काहीच नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ ढवळून प्या. चमचा चहाचा घ्यावा.

आणि एक गोष्ट पाठ करून ठेवा. सोबतचा मुलगा भलतेच बोलू लागला, अडखळू लागला, तर त्याला घाम आहे की नाही हे पाहत बसू नका. माझ्या भावाला घाम होता. सावली, गार पाणी, वारा, आणि लगेच मोठ्या माणसाला हाक. तो शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल.

भावाला डॉक्टरांनी काही आठवडे धावू दिले नाही. तयारीचे दिवस असे वाया गेले. चाचणी त्याने दिली, धावण्याची वेळही बरी आली, पण लेखी परीक्षेत थोडक्यात राहिला. तो मला कधी काही म्हणाला नाही. पुढच्या भरतीची तयारी त्याने लगेच सुरू केली. फरक एवढाच की शिट्टी आता त्याच्या गळ्यात असते आणि कधी थांबायचे हे तोच ठरवतो. पाण्याचा कॅनही तोच भरतो. पाणी मारणाऱ्या काकांना रोज सलाम करून आम्ही सुरुवात करतो. ते भावाला अजून "भिंतीवाले" म्हणतात.

अम्मी अजूनही त्याच्या खिशात कांदा घालते. कांद्याने अंग गार होत नाही, हे मी तिला सांगून पाहिले. ती म्हणाली, "पाच वाजता धावायचे कोणाचे डोके होते?" तेव्हापासून मी कांद्याविषयी बोलत नाही. धावून आल्यावर तोच कांदा भाऊ बुक्कीने फोडतो, मीठ लावतो आणि आम्ही दोघे भाकरीबरोबर खातो.